मामाच्या होमस्टेची वेबसाइट: नक्की काय चुकलंय?

वाशिष्ठीकाठ | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

चिपळूणकडून गुहागरला जाताना गुहागरच्या जरा अलीकडे माझ्या मामाचं घर लागतं. मागच्या अंगाच्या चार खोल्या तो पर्यटकांना देतो, जेवणाचं मामी बघते. मार्च ते मे घरच्या साठ-सत्तर कलमांचा हापूस विकतो. २०२१ मध्ये जो तो ऑनलाइन व्हायला निघाला होता, तेव्हा ओळखीतल्या एका मुलाकडून त्याने २८ हजारांत वेबसाइट करून घेतली. वर दरसाल साडेचार हजार 'मेन्टेनन्स'. दिवाळीपासून आजपर्यंत त्या वेबसाइटमुळे आलेले फोन: एक. तोही 'तुमची साइट गूगलवर पहिल्या नंबरला आणून देतो' म्हणणाऱ्याचा.

मामाच्या मते साइट झकास आहे, लोकांनाच कदर नाही. मी आज पहिल्यांदा नीट बघितली. जाहिरात नको म्हणून लिंक देत नाही, वर्णन करतो.

आधी काळा पडदा, त्यावर सोनेरी अक्षरांत गोल फिरणारं 'स्वागतम्'. खाली 'आत या' असं बटण. ते दाबलं की लाटांचा आवाज सुरू. बंद कुठून करायचा ते मला सापडलं नाही. मग सहा फोटो सरकत राहतात: समुद्र, समुद्र, सूर्यास्त, आंबा, परत समुद्र, आणि मामा-मामी कुठलासा सत्कार स्वीकारताना. पुढे 'आमच्याविषयी', 'आमचे ध्येय', 'आमची दृष्टी'. खोल्यांचे फोटो चौथ्या पानावर. दर कुठेच नाहीत, 'अधिक माहितीसाठी संपर्क करा'. संपर्काच्या पानावर नऊ रकान्यांचा फॉर्म, पिनकोडसकट सगळे रकाने सक्तीचे.

आता प्रश्न असा की ही आहे तीच दुरुस्त करावी, नवीन करावी, की सरळ बंद करून इन्स्टा-व्हॉट्सॅपवर भागवावं? इथे धंदावाले आणि वेबसाइटवाले दोन्ही आहेत म्हणून विचारतोय.

---

चहाटळ | शनिवार, रात्री ९:५२

'आमची दृष्टी' वाचून वाटलं मामा चष्म्याचं दुकानही चालवतात.

---

अर्धविराम | शनिवार, रात्री १०:३०

गेली चौदा वर्षं हेच काम करतोय, म्हणून थोडं सविस्तर.

आवाज 'आत या' दाबल्यावर सुरू होतो त्याचं कारण सांगतो. क्रोमने २०१८ पासून आवाज आपोआप वाजू देणं बंद केलं. ब्राउझरला आधी वापरणाऱ्याने कुठेतरी बोट लावलेलं लागतं. म्हणजे त्या मुलाने लाटा ऐकवण्यासाठी मुद्दाम दार बांधलं आणि ते उघडायला पाहुण्याला लावलं. हुशार आहे, पण हुशारी नको तिथे खर्च झाली.

खरी गोम फोटोत असणार. कॅमेऱ्यातून निघालेला फोटो जसाच्या तसा चढवला तर एकेक पाच-सात एमबीचा असतो. सहा फोटो, सहा एमबीचे धरू. झाले ३६ एमबी. चिपळूण स्टँडवर किंवा कुंभार्ली घाट उतरताना २ एमबीपीएस (म्हणजे सेकंदाला पाव एमबी) वेग मिळतोय असं समजा, तर तेवढं उतरवायला जवळजवळ अडीच मिनिटं लागतील. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा ही गूगलची अपेक्षा. तुमच्याकडे सेकंदांची मिनिटं झालीत.

उपाय फुकट आहे. फोटोची रुंदी १६०० पिक्सेलवर आणा, वेबपी प्रकारात साठवा. सहा एमबीचा फोटो साधारण दोनशे केबीत बसतो आणि फोनवर डोळ्याला फरक कळत नाही. आणि सरकते फोटो काढून एकच ठेवा. पहिला सरकायच्या आत माणूस खाली गेलेला असतो, दुसरा-तिसरा बघायला कुणी थांबत नाही.

उद्या एक करा. वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, आधी कधीच न उघडलेल्या फोनवर साइट उघडा आणि घड्याळ लावा. मालक स्वतःची साइट नेहमी घरच्या वायफायवर बघतो, शिवाय त्याच्या फोनने फोटो आधीच साठवून ठेवलेले असतात. त्याला ती कायम पळतानाच दिसते.

---

दोन_बॅगा_एक_छत्री | शनिवार, रात्री ११:०५

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते. आम्ही वर्षातून दोनदा कोकणात जातो आणि राहायची जागा शोधायचं काम माझ्या गळ्यात.

मला काय हवं असतं? खोलीचा फोटो, बाथरूमसकट. कमोड आहे का, कारण सासूबाईंचे गुडघे. जेवण घरात मिळतं का, मासे करतात का, आणि सोमवारी आमच्यातले दोघं शाकाहारी असतात ते चालेल का. समुद्र चालत किती मिनिटं. गाडी कुठे लावायची. दर. फोन नंबर. संपलं.

'निसर्गाच्या कुशीत, मन प्रसन्न करणाऱ्या वातावरणात' हे वाक्य मी आजवर किमान चाळीस साइटवर वाचलं असेल. अहो, कोकण आहे ते माहीत आहे, म्हणून तर येतोय!

गेल्या डिसेंबरात पाच जागा काढल्या होत्या. तिघांकडे दर नव्हता. त्यांना फोन करायचं मी 'नंतर बघू' म्हणून ठेवलं आणि राहिलेल्या दोघांतल्या एकाकडे बुकिंग करून टाकलं. ते तिघं अजून 'नंतर'च आहेत.

---

फरसाण_आणि_मंडळी | रविवार, सकाळी ७:२०

छत्रीताईंशी असहमत. माझं नाशिकला दुकान आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. दर लावला की दोन गोष्टी होतात. एक, शेजारचा दुसऱ्या दिवशी पन्नास रुपये कमी लावतो. दोन, गिऱ्हाईक आकडा बघून निघून जातं, तुम्हाला बोलायची संधीच मिळत नाही. फोन आला तर माणूस समजावता येतो, दोन रात्रींचं काहीतरी जमवून देता येतं. मामांना घरबसल्या धंदा शिकवू नका.

आणि आंब्याचं काय करणार? पेटीचा भाव पाडव्याला एक, अक्षय्य तृतीयेला दुसरा, मे संपताना तिसरा. रोज उठून वेबसाइट बदलायची का?

---

दोन_बॅगा_एक_छत्री | रविवार, सकाळी ८:०१

शेजाऱ्याला तुमचा दर कळायला वेबसाइट लागते होय? तो एका फोनवर विचारतो, नाहीतर मेहुण्याला विचारायला लावतो. दर फक्त गिऱ्हाइकापासून लपतो.

---

चहाटळ | रविवार, सकाळी ८:०४

फरसाणराव, तुमच्या दुकानात शेवेच्या बरणीवर भावाची पाटी आहे का हो?

---

फरसाण_आणि_मंडळी | रविवार, सकाळी ८:१५

आहे. पण ते वेगळं.

---

अर्धविराम | रविवार, सकाळी ८:४०

दोघांचंही जमेल असं सांगतो. खोलीचा दर 'सोमवार ते गुरुवार इतके, शनिवार-रविवार इतके, दिवाळी-नाताळात फोन करा' असा तीन ओळींत लिहायचा. जेवण धरून की सोडून, हे त्याच ओळीत. आंब्याचा भाव रोज बदलतो हे फरसाणरावांचं खरंय. तिथे भावाच्या वर तारीख टाकायची: '१२ एप्रिलचा भाव'. रोज जमणार नसेल तर आठवड्याला. तेही जमणार नसेल तर पेटी चार डझनाची की पाच, फळ साधारण किती ग्रॅमचं, पिकवतात कसं, पुणे-मुंबईला पाठवतात कसं एवढं लिहा आणि 'आजचा भाव व्हॉट्सॅपवर विचारा' असं बटण द्या. वाईट काय, तर गेल्या मे महिन्यातला भाव या फेब्रुवारीत तसाच दिसणं. तो बघून माणूस समजतो की धंदा बंद पडलाय.

जेकब निल्सन नावाचे गृहस्थ वेबसाइटच्या वापरसुलभतेवर लिहितात. १९९६ साली त्यांनी वेबसाइटमधल्या मोठ्या चुकांची यादी केली होती. सरकती अक्षरं, उतरायला फार वेळ घेणारी पानं, शिळी माहिती हे सगळं त्या यादीत आहे. तेव्हा आपल्याकडे इंटरनेट येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मामांची साइट २०२१ ची आहे आणि यादीत चपखल बसते.

---

पिक्सेलभट | रविवार, सकाळी १०:१०

सगळे मिळून त्या पोराला धुताय, म्हणून त्याच्या वतीने चार शब्द. मीही हाच धंदा करतो.

लहान धंद्याची वेबसाइट करताना मालकाकडे मजकूर मागितला की उत्तर येतं, 'तुम्हीच टाका काहीतरी छान'. मग 'आमचे ध्येय' येतं, कारण टेम्प्लेटमध्ये (तयार साच्यात) ती चौकट रिकामी असते आणि रिकामी दिसली तर मालक म्हणतो पैसे कसले घेतलेस. फोटो मागितले की व्हॉट्सॅपवर चाळीस येतात, सगळे अंधारातले, त्यातले बारा गणपतीचे. पंधरा दिवसांनी मालकाचा भाचा येतो (धागाकर्ते, तुम्हाला उद्देशून नाही, हलके घ्या.) आणि म्हणतो लोगो मोठा करा.

मला एका हार्डवेअरच्या दुकानाच्या मालकाने पहिल्या पानावर कैलासवासी वडिलांचा हार घातलेला फोटो लावायला सांगितला. तोही खिडकीसारखा उघडणारा, की फुली मारल्याशिवाय आत जाता येऊ नये. भावना कळते. पण ज्याला अर्ध्या इंचाचा पाइप हवाय तो आजोबांवर फुली मारत आत शिरणार, हे बरं दिसतं का? तीन दिवस वाद घातला. शेवटी फोटो 'आमच्याविषयी'मध्ये गेला आणि माझे शेवटचे दोन हजार बुडाले.

तेव्हा मालकांनो, डिझायनर शोधायच्या आधी एक वही घ्या. आठवडाभर येणाऱ्या प्रत्येक फोनवर लोक काय विचारतात ते लिहून ठेवा. ती वही म्हणजे तुमच्या वेबसाइटचा मजकूर. मी आता वही आणल्याशिवाय काम सुरू करत नाही. निम्मी कामं तिथेच गळतात, पण उरलेली चांगली होतात.

---

सुरमईप्रेमी | रविवार, सकाळी १०:३२

वहीची कल्पना भारी. पण मूळ मुद्दा बाजूला राहिला. मामींकडे तिसरे (शिंपल्यांचा) मसाला मिळतो का?

---

वाशिष्ठीकाठ | रविवार, सकाळी ११:००

मिळतो, पण आदल्या रात्री सांगावं लागतं. आणि नाही, हेही वेबसाइटवर नाही.

---

रफार | रविवार, दुपारी १२:४५

मजकूर मराठीत आहे ना? मग माझा विषय आला. मी फॉन्टच्या कामात असते.

आधी एक चाचणी. फोनवर पानावरची दोन ओळी अक्षरं निवडा, कॉपी करा आणि स्वतःलाच व्हॉट्सॅप करा. मराठी उमटलं तर ठीक. इंग्रजी अक्षरं नि कंस-टिंबांची खिचडी उमटली, तर तो मजकूर जुन्या छपाईच्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे, युनिकोडमध्ये (सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षर-संकेतांत) नाही. पत्रिका-फ्लेक्स करणाऱ्या दुकानातून मजकूर आला की हटकून असं होतं. आणि निवडताच येत नसेल तर अक्षरांचा फोटोच काढून चिकटवलाय. दोन्ही बाबतीत 'गुहागर घरगुती राहण्याची सोय' असं कुणी गूगलवर शोधलं, तर तुमच्या पानावर तो शब्द आहे हे गूगलला कळायला मार्ग नाही.

आता दिसण्याचं. इंग्रजीसाठी बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये मथळ्याच्या अक्षरांत मोकळी जागा सोडलेली असते. रोमन अक्षरांना ती शोभते. देवनागरीत तेच केलं की शिरोरेखा तुटते आणि 'स्वागतम्' हा शब्द दातांत फटी असल्यासारखा दिसतो. दुसरं, दोन ओळींतलं अंतर. आपल्याकडे वर रफार-वेलांट्या, खाली उकार नि ऋकार. इंग्रजीच्या मापाने ओळी लावल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात, क्वचित मात्रा कापलीच जाते. अंतर अक्षराच्या दीडपट, जमलं तर थोडं जास्तच ठेवा.

तिसरं अगदी बारीक, पण मला झोप येऊ देत नाही. पानाच्या कोडमध्ये ते कोणत्या भाषेत आहे हे नोंदवायची जागा असते. बहुतेक ठिकाणी तिथे इंग्रजी असतं. मराठी नोंदवली आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली, तर 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे उमटतात. नाहीतर हिंदी वळणाचे. एका शब्दाचं काम आहे, फुकट आहे, आणि कुणी करत नाही. फॉन्टही फुकट आहेत: नोटो सॅन्स देवनागरी, मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता, आणि वाचायच्या लांब मजकुराला टिरो देवनागरी मराठी. सोनेरी फिरती अक्षरं कृपा करून लग्नपत्रिकेलाच ठेवा.

---

चहाटळ | रविवार, दुपारी १:०२

'दातांत फटी असल्यासारखा' यावर दंडवत. आता प्रत्येक साइटवर मला दात दिसणार.

---

माजी_स्टेशनमास्तर | रविवार, दुपारी ३:३०

माझं वय ७१. या धाग्यातलं निम्मं मला कळलं नाही, पण एक सांगावंसं वाटतं. कोकणात फिरायला वेळ आणि पैसा आमच्या वयाच्या लोकांकडे आहे, आणि सगळ्या वेबसाइट पंचवीस वर्षांच्या डोळ्यांसाठी केलेल्या असतात. फिकट राखाडी अक्षरं, मुंगीएवढी. बोटाने मोठी करायला जावं तर पान हलतच नाही. फोन नंबर दिसतो पण दाबून लागत नाही. मग तो कागदावर उतरवायचा, चष्मा बदलायचा आणि डायल करायचा. तेवढ्यात खालून खिडकी येते, 'मी आपली काय मदत करू?' अरे बाबा, बाजूला हो, हीच मदत.

आम्ही गाड्यांच्या वेळा फळ्यावर लिहायचो, तेव्हा पंधरा फुटांवरून वाचता आलं पाहिजे असा दंडक होता.

---

अर्धविराम | रविवार, दुपारी ३:५५

काका, तुम्ही जे म्हणताय त्याला चक्क आंतरराष्ट्रीय मानक आहे. साध्या आकाराची अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान साडेचारास एक असलं पाहिजे. ते मोजून देणारी साधनं नेटवर फुकट मिळतात. एवढंही नको असेल तर फोन घेऊन दुपारी बारा वाजता अंगणात जा. वाचता आलं तर पास. नंबर दाबला की फोन लागणं हे तर पाच मिनिटांचं काम आहे. नंबर फोटोत असेल तर मात्र लागत नाही.

---

ओसरीवरचा | रविवार, संध्याकाळी ६:२०

एवढा खटाटोप हवाच कशाला, हा मूळ प्रश्नातलाच एक भाग आहे आणि कुणी त्याला हात लावला नाही. गूगल मॅपवर नोंद करा, चांगले फोटो टाका, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला परीक्षण लिहायला सांगा, व्हॉट्सॅपवर कॅटलॉग ठेवा. चार खोल्यांना वेबसाइट म्हणजे घरात चार माणसं आणि जेवायला लग्नाचा हॉल. माझ्या भावाचं दापोलीकडे असंच चालतं, वेबसाइट नाही, शनिवार-रविवार खोली मिळत नाही.

---

कैरीची_फोड | रविवार, रात्री ८:१५

मी घरगुती लोणची-मुरांबे करते. तीन वर्षं फक्त इन्स्टावर विकलं, ओसरीवरचा म्हणतात तसंच. मागच्या एप्रिलमध्ये, ऐन कैरीच्या दिवसांत, खातं बंद झालं. कुणीतरी तक्रार केली की यंत्राला काही खटकलं, कळलंच नाही. दाद मागायला माणूस नाही, फॉर्म भरला की आपोआप येणारं उत्तर. एकोणीस दिवसांनी खातं परत मिळालं. तोपर्यंत शंभर किलो कैरी घरात आणि गिऱ्हाइकांचे नंबर त्या खात्यातल्या संदेशांत अडकलेले.

इन्स्टा म्हणजे खंडाने घेतलेलं शेत. पीक येतं, नाही म्हणत नाही, पण सातबारावर नाव आपलं नाही.

आता माझी एका पानाची वेबसाइट आहे. सहा बरण्यांचे फोटो, भाव, व्हॉट्सॅपचं बटण. ऑर्डर अजूनही इन्स्टावरूनच जास्त येतात. पण पत्ता माझा आहे.

---

अर्धविराम | रविवार, रात्री ८:४०

+१. गूगलचंही तेच. व्यवसायाच्या नोंदीबरोबर फुकट छोटी वेबसाइट मिळायची, कितीतरी दुकानदारांनी तोच पत्ता कार्डावर छापला होता. मार्च २०२४ मध्ये गूगलने ती सोयच बंद केली. कार्डं राहिली.

ओसरीवरचा यांचं निम्मं मात्र मान्य. मॅपवरची नोंद आधी, वेबसाइट नंतर. आणि दोन्हीकडे नंबर एकच हवा.

---

परदेशी_पाहुणा | रविवार, रात्री ११:५० (सिंगापूरहून, म्हणजे माझी झोप उडालीये)

'पत्ता माझा आहे' यावरून. वाशिष्ठीकाठ, तो पत्ता खरंच मामांच्या नावावर आहे का, ते उद्या सकाळी पहिलं काम म्हणून बघा.

माझ्या बहिणीचे चित्रकलेचे वर्ग आहेत. वेबसाइट करणाऱ्याने डोमेन (म्हणजे साइटचा पत्ता) स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. दोन वर्षांनी तो नोकरी लागून परदेशी गेला. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या, कुणी भरलं नाही, नाव सुटलं. सुटलेली नावं उचलणारे टपलेलेच असतात. एका पालकांनी फोन करून विचारलं, 'ताई, तुमच्या क्लासच्या साइटवर जुगाराची जाहिरात का दिसते?' पत्रकं, पाटी, पोरांच्या वह्यांवरचे शिक्के, सगळीकडे तोच पत्ता. तो शेवटपर्यंत परत मिळाला नाही.

म्हणून डोमेन मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर, पासवर्ड मालकाच्या वहीत. पहिल्या वर्षी स्वस्तात देतात, दुसऱ्या वर्षीचा दर आधी विचारून घ्या. आणि मराठीतही पत्ता मिळतो बरं का, '.भारत' ही सोय २०१४ पासून आहे. हौस म्हणून जरूर घ्या, पण फोनवर पत्ता सांगताना पंचाईत होते, म्हणून त्याच्या जोडीला साधा '.इन' ठेवा.

---

सुरमईप्रेमी | सोमवार, सकाळी ९:१०

कुणी अटी-शर्ती वाचता का? एका आंबेवाल्याच्या साइटवर मी वाचल्या होत्या. ऑनलाइन पैसे घ्यायचे तर पेमेंट गेटवेवाले परताव्याचं आणि गोपनीयतेचं पान मागतात, म्हणून यांनी कुठल्यातरी अमेरिकन साइटचं उचलून गूगलने भाषांतर करून चिकटवलं होतं. त्यानुसार पेटीत फळ नासकं निघालं तर वाद कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात चालणार होता आणि आंबा मूळ वेष्टनात, न वापरलेला, तीस दिवसांत परत करायचा होता.

---

चहाटळ | सोमवार, सकाळी ९:१४

तीस दिवसांनी परत केला तर आंबा स्वतःच चालत जाईल हो.

---

कैरीची_फोड | सोमवार, सकाळी ९:४०

हसू नका, माझंही असंच होतं. आता चार ओळी साध्या मराठीत लिहिल्यात: बरणी फुटून आली तर २४ तासांत फोटो पाठवा, नवीन पाठवू किंवा पैसे परत, चव आवडली नाही तर परत घेत नाही. त्यानंतर भांडणं जवळजवळ थांबली. आधीचं पान कुणी वाचलंच नव्हतं. मीसुद्धा.

---

वाशिष्ठीकाठ | पुढचा रविवार, रात्री ९:३०

मंडळी, आठवडाभर गायब होतो, कारण गुहागरला जाऊन आलो. तुमच्या सगळ्या सूचना कागदावर उतरवून नेल्या होत्या. हिशोब देतो.

पहिलं पान भरलं ३८ एमबी. अर्धविराम यांचा अंदाज दोन एमबीने चुकला. मामाच्या पडवीत डेटावर मी 'आत या' दाबलं, मामी चहा टाकून, गाळून, घेऊन आली तरी सूर्यास्ताचा फोटो अर्धाच होता. आधी लाटा आल्या, समुद्र मागाहून. मामा गप्प बसला.

पत्त्याच्या आधी क्रोम 'असुरक्षित' दाखवत होता. २०१८ पासून सुरक्षित जोडणी (https) नसलेल्या सगळ्याच साइटना तो असं म्हणतो आणि तिला लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळतं, हे मला मागाहून कळलं. साडेचार हजाराच्या मेन्टेनन्समध्ये ते बसलं नव्हतं. फोन नंबर फोटोत होता, आणि तो मामाचा जुना लँडलाइन, जो २०२२ मध्ये बंद झाला. नकाशावरची खूण समुद्रात, किनाऱ्यापासून बऱ्यापैकी आत. रफारताई, तुमची चाचणी केली, खिचडी उमटली.

आता फॉर्म. तो भरला की ईमेल त्या मुलाच्या एका जुन्या खात्यावर जात होता. मुलगा भला आहे, त्याने शोधून पासवर्ड काढला. आत न वाचलेल्या ४३ चौकश्या निघाल्या. गेल्या तीन वर्षांतल्या, एकीत 'आम्ही नऊ जण, दोन दिवस, जेवणासह' असं सविस्तर. नऊ रकाने भरून, पिनकोड टाकून ४३ लोकांनी विचारलं होतं. मामाने एकेक वाचून घेतली, आणि शेवटी इतकंच म्हणाला, 'ही नऊ माणसं कुठे राहिली असतील रे?'

मग दोन संध्याकाळी बसलो. नवीन केली नाही, आहे तीच सोलून काढली. दार काढलं, ध्येय-दृष्टी काढली, मामीकडून वही लिहून घेतली. (तिच्या वहीत पहिला प्रश्न: 'गिझर आहे का?') एकच पान: चार खोल्यांचे फोटो बाथरूमसकट, दर तीन ओळींत, तिसरे मसाला आदल्या रात्री सांगावा, समुद्र चालत बारा मिनिटं. मुंबईहून दाभोळ-धोपावे फेरीबोटीने येणाऱ्यांना शेवटची फेरी विचारून निघा अशी सूचना. पान आता ९०० केबी. डोमेन मुलाच्याच नावावर होतं, मामाच्या ईमेलवर घेण्याचा अर्ज केलाय. नवीन खर्च आतापर्यंत शून्य, मुलाला मात्र मामाने दोन डझन आंबे कबूल केलेत.

एका मुद्द्यावर तोडगा निघाला नाही. मामाला लाटांचा आवाज हवाच आहे. सत्काराच्या फोटोखाली 'लाटा ऐका' असं छोटं बटण ठेवून तह झालाय.

---

दोन_बॅगा_एक_छत्री | पुढचा रविवार, रात्री ९:५०

त्या ४३ मध्ये माझीही होती का हो? गुहागरला मी दोन वर्षांपूर्वी एकीकडे फॉर्म भरला होता, उत्तर आलंच नव्हतं.

---

वाशिष्ठीकाठ | पुढचा रविवार, रात्री १०:०५

तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलंत तेव्हाच मनात आलं होतं, म्हणून बघितलं. सासूबाई आणि कमोडचा उल्लेख असलेली एकही नाही. म्हणजे गुहागरात अजून एक मामा आहे.

---

पिक्सेलभट | पुढचा रविवार, रात्री १०:२०

मामींच्या वहीला आमच्याकडून सलाम. आणि त्या पोराला माझा नंबर द्या, दोन डझनांत काम करणारा माणूस मला हवाय.

---

फरसाण_आणि_मंडळी | पुढचा रविवार, रात्री १०:४५

छान झालं. आता आंबा सुरू होईलच. पहिल्या तोडीची पाच डझनाची पेटी कितीला देताय? नाशिकला तीन लागतील.

---

वाशिष्ठीकाठ | पुढचा रविवार, रात्री १०:५२

खाजगी निरोप पाठवलाय. भाव इथे धाग्यावर नको.

---

दोन_बॅगा_एक_छत्री | पुढचा रविवार, रात्री १०:५३

अहो!!!